फुटक्या काचेचा करार

रात्री अकराच्या सुमारास एखाद्या हॉटेलच्या मागच्या दाराशी उभे राहून पाहा. दिवसभरात रिकाम्या झालेल्या शीतपेयांच्या, सॉसच्या, लोणच्याच्या आणि मद्याच्या बाटल्या एका पिंपात टाकल्या जातात. त्यांवर उरलेले अन्न, कागदी रुमाल आणि फुटलेला एखादा कप येऊन पडतो. सकाळी कोणीतरी ते पिंप गाडीत रिकामे करतो. काच खळकन् फुटते, आणि पुढे तो ढीग हातांनी निवडणाऱ्या माणसाच्या बोटांत तिचा तुकडा शिरतो. तसे पाहिले तर ही काच पुन्हा वितळवून जशीच्या तशी बाटली करता येते. एकदाच नव्हे, कितीही वेळा. तरीही तिच्यातली बरीचशी काच कचऱ्याच्या डेपोत पुरली जाते. असे का होते?

विद्यार्थी मित्रांनो, आज आपण एक वेगळ्या धर्तीचे उदाहरण सोडवू या. समजा, तुमच्या गावच्या नगरपालिकेने ठरवले की, हॉटेले, दुकाने आणि दवाखाने यांच्याकडील रिकाम्या बाटल्या गोळा करण्याचे काम ठेक्याने द्यायचे. ठेक्याच्या अटी लिहिण्याचे काम तुमच्याकडे आले. गाडी कशी असावी? पैसे कशाचे द्यावेत, फेरीचे, वजनाचे की आणखी कशाचे? हा प्रश्न हिशेबनिसाचा वाटेल. पण त्याचे उत्तर तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकात दडलेले आहे. घनता, विशिष्ट उष्णता आणि प्रसरण ही तीन प्रकरणे आठवत असली म्हणजे पुरे.

काच बनते कशी?

बाटलीची काच मुख्यतः तीन पदार्थांपासून बनते : वाळू, धुण्याचा सोडा आणि चुनखडी. शुद्ध वाळू, म्हणजे सिलिका, वितळवायला सुमारे १७०० अंश सेल्सिअस तापमान लागते. सोडा मिसळला की मिश्रण त्याहून पुष्कळ कमी तापमानाला वितळू लागते. पण केवळ वाळू आणि सोडा यांची काच पाण्यात विरघळते. म्हणून तिला टिकाऊपणा आणण्यासाठी चुनखडी घालतात. तरीही सगळा रस एकजीव होऊन त्यातले बुडबुडे निघून जावेत यासाठी भट्टी सुमारे १५०० अंशांपर्यंत तापवावी लागते.

आता थोडे रसायनशास्त्र. १०० किलो काचेत साधारण १४ किलो सोडिअम ऑक्साइड आणि १० किलो कॅल्शिअम ऑक्साइड असते, असे धरू. सोडिअम ऑक्साइड आपल्याला सोडिअम कार्बोनेटपासून मिळते. १०६ किलो सोडिअम कार्बोनेटातून ६२ किलो ऑक्साइड काचेत राहते आणि ४४ किलो कार्बन डायऑक्साइड वायू धुराड्यातून निघून जातो. म्हणजे १४ किलो ऑक्साइडसाठी सुमारे १० किलो वायू बाहेर पडतो. चुनखडीचे गणितही असेच : १०० किलो चुनखडीतून ५६ किलो ऑक्साइड आणि ४४ किलो वायू. त्यामुळे १० किलो ऑक्साइडसाठी सुमारे ८ किलो वायू. दोन्ही मिळून १८ किलो झाले. याचा अर्थ, १०० किलो काच हवी असेल तर सुमारे ११८ किलो कच्चा माल भट्टीत घालावा लागतो, आणि त्यातला १८ किलो हवेत जातो. भट्टीच्या इंधनाचा धूर वेगळाच.

फुटक्या काचेचे मात्र तसे नाही. तिच्यातला वायू पहिल्याच खेपेला निघून गेलेला असतो. १०० किलो काचेचे तुकडे भट्टीत घातले की जवळजवळ १०० किलोच काच मिळते. शिवाय कार्बोनेटांचे विघटन करायला लागणारी उष्णताही वाचते. म्हणूनच काचकारखान्यांत कच्च्या मालाबरोबर फुटक्या काचेचा चुरा घालण्याची पद्धत फार जुनी आहे. या चुऱ्याला कारखान्यात 'कलेट' म्हणतात.

बचत होते, पण किती?

इथे एक सावधगिरी बाळगायला हवी. काचेच्या पुनर्वापराने फार मोठी ऊर्जा वाचते असे आपण सहज धरून चालतो. वस्तुस्थिती अशी की, भट्टीतील मालात दर १० टक्के कलेट वाढवले तर ऊर्जा सुमारे अडीच ते तीन टक्क्यांनी कमी लागते. म्हणजे सगळाच्या सगळा माल कलेट असला, तरी बचत पाव हिश्शाच्या आसपासच राहते.

असे का, हे सहज कळण्यासारखे आहे. विघटनाची उष्णता वाचली. पण ती काच १५०० अंशांपर्यंत तापवायची उष्णता कशी वाचणार? ती तर द्यावीच लागते, आणि खर्चाचा मोठा भाग तोच आहे. ॲल्युमिनिअमशी तुलना करा. खनिजापासून ॲल्युमिनिअम काढताना विजेने ऑक्सिजन वेगळा करावा लागतो आणि त्याला प्रचंड ऊर्जा लागते. जुना डबा वितळवताना ही पायरीच नसते, म्हणून सुमारे ९५ टक्के ऊर्जा वाचते. भंगारवाला ॲल्युमिनिअमचा डबा झडप घालून उचलतो आणि फुटक्या काचेकडे पाहून मान हलवतो, यामागे त्याचा लहरीपणा नाही, ऊष्मागतिकी आहे!

पाव हिस्सा बचत ही क्षुल्लक नव्हे. परंतु ती इतकी मोठीही नाही की, गोळा करण्यात कसाही ढिसाळपणा केला तरी चालून जाईल. काचेच्या बाबतीत नफा आणि तोटा यांच्यामधली पट्टी अरुंद असते. आपला करार याच पट्टीवर उभा राहायचा आहे.

बाटली अख्खी न्यावी की फोडून?

एक मोठी बाटली घेऊ. तिच्यात ६५० मिलिलिटर द्रव मावतो आणि रिकामी असताना तिचे वजन सुमारे अर्धा किलो भरते. काचेची घनता दर घनसेंटिमीटरला २.५ ग्रॅम. तेव्हा ५०० ग्रॅम काचेने स्वतः फक्त २०० घनसेंटिमीटर जागा व्यापली. पण आतली पोकळी मिळून बाटली ८५० घनसेंटिमीटर जागा अडवते. बाटल्या पिंपात कशाही टाकल्या की त्यांच्यामध्ये फटी राहतात. एकूण जागेपैकी ६० टक्के जागा बाटल्यांनी भरली असे मानले, तर एक घनमीटरमध्ये सुमारे ७०० बाटल्या मावतील. त्यांचे वजन ३५० किलो.

आता त्याच बाटल्या फोडा. तुकड्यांच्या ढिगात निम्मी जागा फटींची धरली तरी एक घनमीटरमध्ये १२५० किलो काच बसते. साडेतीनपट! ठेकेदाराला हे न शिकवताही कळते. काच फोडून नेली की फेऱ्या साडेतीनपटींनी कमी होतात आणि डिझेल वाचते. कचरा दाबणारी गाडी असली तर हे काम आपोआपच होते.

परंतु फोडताक्षणी दोन गोष्टी हातच्या जातात. पहिली, अख्खी बाटली धुऊन पुन्हा भरण्याची शक्यता. दुसरी, पांढरी, हिरवी आणि तपकिरी काच वेगळी करण्याची सोय. मूठभर चुऱ्यातून रंग निवडायला माणसाला दिवस लागेल. प्रकाशाचा झोत तुकड्यांतून पाठवून, नको असलेला तुकडा हवेच्या फवाऱ्याने बाजूला उडवणारी यंत्रे आहेत खरी. पण ती महाग असतात, आणि चुरा फार बारीक झाला की तीही हतबल होतात.

पहिल्या गोष्टीची किंमत किती, ते काढू. नवी काच वितळवायला टनाला सुमारे ५००० मेगाज्यूल, म्हणजे किलोला ५००० किलोज्यूल लागतात असे धरू. अर्ध्या किलोच्या बाटलीला २५०० किलोज्यूल झाले. तीच बाटली ८० अंशांच्या गरम पाण्याने धुवायची ठरवली, तर? अर्धा लिटर पाणी २५ वरून ८० अंशांवर न्यायला सुमारे ११५ किलोज्यूल लागतात. काचेची विशिष्ट उष्णता ०.८४ धरली तर बाटली तापायला २३ किलोज्यूल. एकूण १४० च्या जवळपास. म्हणजे धुण्याची उष्णता वितळवण्याच्या उष्णतेच्या अठराव्या हिश्शाइतकी! वाहतूक व इतर खर्च वाढवून धरले तरी धुण्याचा पक्ष भारीच राहतो. आपल्याकडे शीतपेयाच्या बाटलीवर अनामत घेऊन ती परत मागण्याची रीत होती, तिच्यामागे हेच शहाणपण होते.

गाडी किती लांब जावी?

कलेटमुळे पाव हिस्सा ऊर्जा वाचते, म्हणजे टनामागे सुमारे १२५० मेगाज्यूल. एक लिटर डिझेलमध्ये सुमारे ३६ मेगाज्यूल ऊर्जा असते. म्हणजे एक टन कलेटची बचत म्हणजे ३५ लिटर डिझेल. ३ टन माल नेणारी गाडी लिटरला ५ किलोमीटर जाते असे माना. तीन टनांची बचत १०५ लिटर. तेवढ्या डिझेलमध्ये गाडी ५२५ किलोमीटर धावेल. परत येताना ती रिकामी येणार. तेव्हा कारखाना २६० किलोमीटरच्या पलीकडे असला तर भट्टीत वाचवलेली सगळी ऊर्जा रस्त्यावर खर्च झाली! गल्लीबोळांतून थांबत थांबत काच गोळा करताना डिझेल अधिक जळते, म्हणून खरी मर्यादा आणखी अलीकडे येते. सोडा तयार करण्यात आणि वाळू वाहून आणण्यात वाचणारी ऊर्जा जमेस धरली तर ती थोडी पुढे सरकेल. आकडे ढोबळ आहेत. पण विचार करण्याची रीत ही अशी.

अमेरिकेतील कॅन्सस सिटी शहराचे उदाहरण इथे बोलके आहे. तिथल्या एका बिअर कारखान्याच्या पुढाकाराने २००९ साली काच गोळा करून स्वच्छ करणारा स्वतंत्र उद्योग सुरू झाला. शहरात ठिकठिकाणी फक्त काचेसाठी मोठ्या जांभळ्या पेट्या ठेवल्या गेल्या. या काचेला एक मोठे गिऱ्हाईक जवळच मिळाले : काचतंतूंचे उष्णतारोधक अस्तर बनवणारा कारखाना. काच तीच होती, लोकही तेच होते. वेगळी पेटी आणि जवळचे गिऱ्हाईक ही दोन टोके जुळल्यावर ती डेपोऐवजी भट्टीकडे जाऊ लागली.

एक तुकडा, हजार बाटल्या

आता सर्वांत नाजूक मुद्दा. पिंपात चहाचा फुटका कप पडला तर काय बिघडले? दिसायला तोही काचेसारखाच कडक. पण चिनी माती काचेच्या भट्टीत वितळत नाही. तिचा कण तसाच रसाबरोबर वाहत जातो आणि एखाद्या बाटलीच्या भिंतीत खड्यासारखा अडकतो. शाळेच्या प्रयोगशाळेत फुटलेली परीक्षानळीही अशीच धोक्याची. ती बोरोसिलिकेट काचेची असते. ती बाटलीच्या काचेत नीट एकजीव होत नाही.

अडकलेला खडा का घातक ठरतो? प्रसरणांक आठवा. बाटलीच्या काचेचा प्रसरणांक दर अंशाला सुमारे ९ दशलक्षांश, तर बोरोसिलिकेटचा सुमारे ३.३ दशलक्षांश. बाटली साच्यातून निघाल्यावर घट्ट होते आणि आणखी सुमारे ५०० अंशांनी थंड होते. या थंड होण्यात भोवतालची काच जास्त आकसते, खडा कमी. दोन मिलिमीटरच्या खड्यापाशी हा फरक पडतो मिलिमीटरच्या हजाराव्या भागांत सुमारे सहा, म्हणजे केसाच्या जाडीच्याही दहाव्या भागाहून कमी. लोखंड असते तर जरासे वाकून सावरून घेतले असते. काच वाकत नाही. तिच्यात ताण साठून राहतो. पुढे बाटली भरताना, किंवा शीतपेयातील वायूच्या दाबाने, ती एकाएकी तडकते. म्हणूनच काचकारखाने एक टन कलेटमध्ये चिनी मातीचे काही ग्रॅमच चालवून घेतात. एखाददुसरा कप अख्ख्या टनाचा भाव पाडू शकतो.

रंगाचेही तसेच. तपकिरी काच प्रकाशातील जंबुपार व निळे किरण अडवते, म्हणून औषधे व बिअर तिच्यात ठेवतात. पांढऱ्या काचेच्या रसात हिरवे तुकडे पडले तर सबंध रसाला छटा येते आणि ती काढता येत नाही. चहात साखर घालणे सोपे, काढणे अशक्य. मिश्रणाचा हा नियम भट्टीलाही लागू आहे.

आता अटी लिहू या

सगळा हिशेब समोर ठेवून सांगा, ठेकेदाराला पैसे कशाचे द्यावेत? वजनाचे दिले तर तो काच फोडील, ओली काच आणील, कप आणि फरशीचे तुकडेही आणील. कारण वजन त्यांनाही आहे. फेरीचे दिले तर तो अर्धी गाडी घेऊन फिरेल. दोन्ही वेळा तो अप्रामाणिक आहे असे नाही. आपण चुकीची राशी मोजली आहे. तापमान मोजायचे असताना आपण पट्टी घेऊन बसलो, तर दोष पट्टीचा नव्हे.

मग योग्य राशी कोणती? भट्टीच्या दाराशी जिचा स्वीकार होतो ती काच. म्हणून पहिली अट अशी : मोबदल्याचा काही भाग ठरावीक सेवेचा, आणि उरलेला कारखान्याने घेतलेल्या स्वच्छ, रंगवार निवडलेल्या काचेचा. दुसरी अट : अख्ख्या बाटल्या पेट्यांतून वेगळ्या उचलाव्यात आणि पुन्हा भरणाऱ्यांकडे जाव्यात, फोडणी फक्त उरलेल्यांची. तिसरी अट दुकानदारासाठी : काचेचे पिंप स्वतंत्र असेल, आणि त्यात कप, आरसा, ट्यूबलाइट, परीक्षानळी पडणार नाही. निवड जितकी उगमाजवळ, तितकी स्वस्त. पिंपात कप न टाकायला एक सेकंद लागतो. चुऱ्यातून तो शोधायला यंत्र लागते.

चौथी अट माणसाची आहे, आणि ती शेवटी आली असली तरी कमी महत्त्वाची नाही. पुण्यात १९९३ साली कचरा वेचणाऱ्यांनी आणि भंगार गोळा करणाऱ्यांनी आपली संघटना उभारली. तिचे नाव 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत'. नावातच काच आहे, हे ध्यानात घ्या. या संघटनेतून कचरावेचकांचीच 'स्वच्छ' ही सहकारी संस्था निघाली, आणि २००८ साली पुणे महानगरपालिकेने दारोदार कचरा गोळा करण्यासाठी तिच्याशी करार केला. घरमालकाने वा दुकानदाराने सेवाशुल्क द्यावे आणि निवडलेले भंगार विकून येणारे पैसे वेचकाचे, अशी त्याची मांडणी होती.

यातली खुबी पाहा. केवळ भंगाराच्या विक्रीवर ज्याचे पोट आहे, तो पत्रा आणि प्लॅस्टिक उचलील. जड, कापणारी आणि कवडीमोल काच मागे ठेवील. त्याला दोष देता येणार नाही. पण सेवेचे पैसे वेगळे मिळाले, तर काच उचलणेही परवडू शकते. भट्टीचे शास्त्र आणि माणसाची मजुरी इथे एकमेकांना भेटतात. जाड हातमोजे आणि काचेची वेगळी पिशवी यांवरचा खर्च हा करारातील उपकार नव्हे. काच अख्खी आणि स्वच्छ राहावी यासाठीचा तो यंत्रसामग्रीचा खर्च आहे.

करून पाहा

१. घरातील पाच रिकाम्या बाटल्यांची वजने करा. प्रत्येकीत किती पाणी मावते ते मोजा. काचेची घनता २.५ धरून प्रत्येक बाटली एकूण किती जागा अडवते ते काढा. आपल्या गणितातील ८५० घनसेंटिमीटरशी तुलना करा.

२. शाळेजवळच्या तीन दुकानदारांना विचारा : रिकाम्या बाटल्या कोण नेतो? अख्ख्या नेतो की फुटक्याही? भाव कोणता? उत्तरे तक्त्यात मांडा आणि अख्ख्या बाटलीचा भाव फुटक्या काचेच्या तुलनेत किती पट येतो ते पाहा.

३. नकाशा घेऊन तुमच्या गावापासून सर्वांत जवळचा काचकारखाना शोधा. अंतर आपल्या २६० किलोमीटरच्या मर्यादेत बसते का? गाडी ३ ऐवजी ९ टनांची आणि लिटरला ४ किलोमीटर जाणारी घेतली तर मर्यादा किती होईल?

फुटलेली काच मात्र हाताने उचलू नका. ती जाड कागदात गुंडाळा, वर 'काच' असे ठळक लिहा आणि वेगळी द्या. तुमच्या हातून ती जाताच कोणाच्यातरी हातात पडणार आहे. करार नगरपालिका करील तेव्हा करील. त्यातली तिसरी आणि चौथी अट तुम्ही आज रात्रीपासून पाळू शकता.